खेळ आणि सह्या (लेखांक ५) : सही खरी कशावरून?

मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्याकडे कार्डांना असे भाव कधीच आले नाहीत. इंग्लंडमध्ये विल्स कंपनी १८९६पासून सिगारेटच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रं घालत होती. आपल्याकडे चित्रं बबलगमबरोबर आली, मग ट्रम्प कार्डं आली. पण पोरांनी ती खेळून खेळून झिजवली आणि उरलेली रद्दीत गेली. दादरच्या घरांतून टिकली ती सह्यांची वही.

शिवाजी पार्कवर सही मिळवायला फारसे कष्ट नव्हते. नेटमधला सराव आटपून किट उचलणाऱ्या वाडेकरांसमोर किंवा संदीप पाटीलसमोर वही धरायची, एवढंच. ही माणसं शेजारपाजारचीच. म्हणूनच कुणी तारीख टाकली नाही, सामना लिहून ठेवला नाही. आज तीच वही विकायला काढली, की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘ही सही कुणी, कधी, कुठे घेतली?’ आणि घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते आपल्या सह्यांचं सर्वांत मोठं नुकसान वाळवीनं नव्हे, या न केलेल्या नोंदींनी केलं आहे.

नोंद नसेल तर कागदालाच बोलतं करावं लागतं. समजा, १९७१च्या संघाच्या सह्यांचं पान समोर आलं. त्या वर्षी वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग २४ ऑगस्टला ओव्हलवर कसोटी जिंकून इंग्लंडमध्ये मालिका खिशात घातली. पान कोणत्या दौऱ्याचं, हे नावांवरून कळतं. सलीम दुर्रानी आणि जयसिंहा वेस्ट इंडिजला गेले होते, इंग्लंडला नव्हते. फारुख इंजिनिअर इंग्लंडमध्ये खेळले, वेस्ट इंडिजमध्ये नाही. ओव्हलच्या म्हणून दाखवलेल्या पानावर वेंगसरकरांची सही दिसली, तर ती नंतर घेतलेली. ते कसोटीत आले १९७६मध्ये.

मग भिंग घ्या. शाईच्या पेनाची सही जुन्या कागदावर किंचित फुटते, तिच्या कडा मऊ दिसतात. बॉलपेननं उमटलेली खाच पानाच्या मागून बोटाला लागते. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात आणि दोन रेघा एकमेकींवरून गेल्याचं कुठेच दिसत नाही. छोट्या शोभेच्या बॅटवरच्या सह्या बहुतेक अशाच छापील असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोवर चकचकीत मार्करची सही असेल, तर ती खोटीच असं नव्हे. खेळाडूनं ती म्हातारपणी केलेली असू शकते. पण तिला त्या काळची म्हणून भाव मागू नये.

सही खरी असल्याच्या प्रमाणपत्रावरही डोळे मिटून विश्वास नको. अमेरिकेत एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. सापडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते!

भावाचं म्हणाल तर मागणी बहुतांशी आजच्या ताऱ्यांना आहे. के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी २०२४मध्ये धर्मादाय कामासाठी केलेल्या लिलावात विराट कोहलीची जर्सी चाळीस लाखांना गेली. पद्माकर शिवलकरांच्या सहीला असा पैसा येणार नाही. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी मात्र एकही नाही. मार्च २०२५मध्ये ते गेले. त्यांची सही ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती विकू नये, असं मी आग्रहानं सांगेन. दादरच्या क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्याला तिचं मोल कळेल.

घरात अशी वही असेल तर ज्यांनी त्या सह्या घेतल्या, त्यांच्याजवळ या रविवारी बसा. एकेक पान उलटत ठिकाण, वर्ष, सामना, बरोबर कोण होतं हे विचारा. आठवेल तेवढं त्यांच्याच हातानं वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. मूळ पानावर काही लिहू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.