ओंडके ओढण्यासाठी विंचची निवड

बांधावर किंवा पडीक जमिनीत लावलेला साग तोडणीस आला, म्हणजे झाड पाडण्यापेक्षा ओंडका रस्त्यापर्यंत आणणे अधिक कठीण असते, हे शेतकऱ्यांच्या ध्यानात येते. नाल्याच्या उतारावरून ओला ओंडका ओढताना बैलांच्या खांद्यांस व पायांस इजा होण्याचा संभव असतो. अशा कामी विंच, म्हणजे ढोलावर पोलादी दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र, फार उपयोगी पडते. परंतु विंच घेताना बहुधा किंमत व यंत्रावरील पट्टीवर कोरलेला मोठा आकडा एवढेच पाहिले जाते. हा आकडा नेमका कशाचा, हे समजून न घेतल्यास पैसे वाया जातात, आणि प्रसंगी माणसाच्या जिवावरही बेतते.

ओंडक्याचे वजन

प्रथम ओंडक्याचा मध्यावरील घेर व लांबी मीटरमध्ये मोजावी. घेरास घेराने व नंतर लांबीने गुणून येणाऱ्या संख्येस 12.5 ने भागावे. म्हणजे घनमीटर मिळतात. लाकडाच्या व्यापारातील पाव घेराची पद्धत येथे वापरू नये. तिने आकारमान सुमारे एकपंचमांश कमी भरते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरास 1,000 किलो धरावे. उदाहरणार्थ, 1.2 मीटर घेराचा व 5 मीटर लांबीचा ओंडका 0.576 घनमीटर, म्हणजे सुमारे 580 किलो भरतो.

सपाट, कोरड्या जमिनीवर तो ओढण्यास वजनाहून कमी जोर पुरतो. परंतु चढ असला, चिखल लागला किंवा खुंट आडवा आला, तर वजनाहूनही अधिक जोर लागतो. म्हणून विंचची ओढशक्ती ओंडक्याच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे येथे सुमारे 1,200 किलो असावी.

पट्टीवरील आकडा

पट्टीवरील ओढशक्ती बहुधा ढोलावर दोराचा एकच थर असतानाची असते. थरावर थर चढत गेले, की ढोलाचा व्यास वाढतो व त्याच प्रमाणात ओढ घटते. भरलेल्या ढोलाचा व्यास रिकाम्याच्या दुप्पट झाला, तर 2,400 किलोंचा विंच 1,200 किलोच ओढतो. तेव्हा खरेदीच्या वेळी ‘ढोल भरलेला असताना ओढ किती?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

ओढ कमी पडल्यास मोठाच विंच हवा, असे नाही. ओंडक्याला कप्पी बांधून, दोर तिच्यातून परत आणून मजबूत झाडाच्या बुंध्यास पक्का केल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते. वेग मात्र निम्मा होतो. वर्षातून चार-दोन झाडे काढणाऱ्यास हाताने चालविण्याचे यंत्र किंवा भाड्याचा विंच पुरेसा होतो. ट्रॅक्टरवरील विंच जंगल कामगार सहकारी संस्थांसारख्या नित्य काम असणाऱ्यांनी घ्यावा. तो ट्रॅक्टरच्या वजनास झेपणारा व जमिनीत रुतणारे पाते असलेला असावा. ओढ शक्यतो सरळ मागून घ्यावी. बाजूने ओढल्यास ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो.

दोराची काळजी

दोर तुटण्याची मर्यादा विंचच्या कमाल ओढीच्या किमान दुप्पट असावी. एका गावी मी स्वतः पाहिले, की ओंडका खुंटास अडला असता चालकाने ‘आणखी थोडे’ म्हणून जोर लावला आणि तारा तुटलेला जुना दोर मध्येच तुटून आसुडाप्रमाणे परतला. क्षणापूर्वी तेथे एक मुलगा उभा होता. वडिलांनी त्यास हाक मारली म्हणूनच तो वाचला. अशा वेळी जोर न वाढविता दोर सैल करावा व ओंडक्याची दिशा बदलावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांस समक्ष दाखवाव्यात :

1. काम चालू असता ताणलेल्या दोराजवळ, त्याच्या रेषेत किंवा वळणाच्या आतील बाजूस कोणीही उभे राहू नये.
2. ढोलावर दोराचे किमान 3 ते 4 फेरे नेहमी शिल्लक ठेवावेत.
3. तारा तुटलेला, पिळलेला किंवा गंजलेला दोर वापरू नये. दोर हाताळताना चामडी हातमोजे घालावेत.
4. विंचने माणसे कधीही ओढू वा उचलू नयेत.

सागासारख्या झाडांच्या तोडीस महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 लागू आहे; म्हणून परवानगी आधी घ्यावी. त्यानंतर ओंडका मोजावा, मग विंच निवडावा. एवढा क्रम पाळल्यास खर्च आटोक्यात राहील व कामावर गेलेली माणसे सुखरूप घरी परततील.