‘पाणी’ लिहायला पावणेदोन मिनिटं

चॅटवर समोरचा ‘टायपिंग’ करतोय असं दिसलं आणि पुढची दहा सेकंदं काहीच आलं नाही, तर आपण लगेच वैतागतो. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात फारवेल आणि डॉन्चिन यांनी नुसत्या मेंदूच्या लहरींवर टाइप करायची सोय केली, तिचा वेग होता मिनिटाला साधारण २.३ अक्षरं. म्हणजे ‘पाणी’ हा शब्द काना-वेलांटीसकट चार खुणांचा धरला, तर पावणेदोन मिनिटं!

पण एएलएससारख्या आजारात हात गेले, वाचा गेली, की पावणेदोन मिनिटांत पाणी मागता येणं ही चैन नसते. म्हणूनच मला या स्क्रीनचं डिझाइन कुठल्याही चकाचक फोनपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

आयडिया तशी सोपी. सहा बाय सहाच्या चौकटीत ३६ खुणा. कधी आडवी ओळ चमकते, कधी उभी. तुम्ही फक्त आपल्या अक्षरावर लक्ष ठेवायचं. ते चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत ‘पी-३००’ नावाची लहर उठते, आणि डोक्यावरच्या टोपीतले इलेक्ट्रोड ती टिपतात. एकदा चमकून भागत नाही, हा खेळ पुनःपुन्हा चालतो.

घोळ होतो तो शेजाऱ्यांमुळे. बाजूची ओळ चमकली की लक्ष तिकडे जातं आणि भलतंच अक्षर उमटतं. २०१० मध्ये त्यावर तोडगा आला, चेकरबोर्डचा. शेजारशेजारची अक्षरं एकत्र चमकवायचीच नाहीत. २०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तर कमालच केली. अक्षर नुसतं उजळण्याऐवजी त्यावर क्षणभर आइन्स्टाइनचा चेहरा झळकवला! ओळखीचा चेहरा दिसला की मेंदू जास्त ठळक प्रतिसाद देतो, त्यामुळे चुका कमी झाल्या. दिसायला प्रकार जरा विनोदीच, पण माझं मत विचाराल तर याला म्हणतात डिझाइन.

आपल्या लिपीचं काय? रायपूरच्या एनआयटीमध्ये देवनागरीचा स्पेलर झालाय. इंग्रजीची २६ अक्षरं मावतात तिथे आपली स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं कोंबायची म्हणजे डोकेदुखीच. खुणा वाढल्या की चमकाचमकही वाढते, आणि थकतो तो पेशंट.

मेंदूत चिप बसवलेल्या एका माणसाने मनातल्या मनात हाताने लिहून मिनिटाला ९० अक्षरं गाठली, ती बातमी २०२१ ची. पण त्यासाठी कवटी उघडावी लागते. टोपीवाल्यांची अडचण वेगळीच आहे. ज्यांना बुबुळंही हलवता येत नाहीत, त्यांना कोपऱ्यातलं अक्षर नीट दिसणार कसं? म्हणून आता काही स्पेलरमध्ये अक्षरं एकामागून एक स्क्रीनच्या मधोमध येतात. चौकटच गायब.