डोळा आणि हात : दोघांची साक्ष

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक रंग डोळ्यांनी पाहते, पण पोत चिमटीत धरूनच ठरवते. संगणकासमोर मात्र सारा भार डोळ्यावर पडतो. ही उणीव भरून काढणाऱ्या तंत्राला 'हॅप्टिक्स' म्हणतात. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी 'फँटम' हे उपकरण बनवले. त्याच्या टोकाच्या अंगुस्तानात बोट घालायचे. पडद्यावरील वस्तूला बोट 'लागले' की मोटारी बोटाला उलट रेटतात आणि वस्तू टणक भासते. चित्र सेकंदाला तीसएक वेळा बदलले तरी डोळ्याला पुरते. हाताला मात्र सुमारे १००० वेळा रेटा मिळावा लागतो, नाहीतर टणक वस्तू थरथरू लागते.

डोळा व हात यांची साक्ष जुळली नाही तर? १९६४ साली रॉक व व्हिक्टर यांनी आकार बिघडवणाऱ्या भिंगातून चौकोन दाखवला आणि तोच हातातही दिला. लोकांनी बहुतेक डोळ्याचेच खरे मानले. पण २००२ साली अर्न्स्ट व बँक्स यांनी दाखवले की, चित्र अस्पष्ट केले की माणूस हातावर विसंबतो. तात्पर्य, मेंदू ज्याची साक्ष पक्की त्याला जास्त वजन देतो.

'दा विंची' या शस्त्रक्रिया यंत्राला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, तेव्हा टाक्याचा ताण सर्जनला डोळ्यानेच जोखावा लागे. २०२४ साली मंजूर झालेल्या नमुन्यात तो हाताला जाणवण्याची सोय आली.

आमच्या धंद्याचे काय? आज कापड-चामड्याचे सौदे मोबाइलवर होतात. पण मोबाइलचे थरथरणे म्हणजे मालाचा पोत नव्हे. नबी करीम (स.) यांनी 'मुलामसा', म्हणजे न पाहता नुसता हात लावून पक्का होणारा सौदा, मना केला. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क आहे; अंध गिऱ्हाइकासाठी, स्पर्शाने ओळखता येणाऱ्या मालात, हात लावणे हेच पाहणे मानले आहे.

म्हणून व्यापारी बंधूंनी फोटोबरोबर नमुन्याचा तुकडा पाठवावा आणि परतीची अट बिलावर लिहावी. कारागिरांनीही मुलांना संगणक जरूर शिकवावा, पण हाताची पारख सोडू देऊ नये. यंत्रे आता कुठे ती शिकू लागली आहेत.