सहामाहीनंतर मुलांना काय विचारायचं?

पहिलं सत्र संपतं, दिवाळीची सुट्टी होते, शाळा पुन्हा भरते आणि शिक्षकांच्या टेबलावर प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा येतो. पालक येतात, सही करतात किंवा अंगठा उठवतात आणि कामावर निघून जातात. मूल बाजूला उभं असतं. वर्ष त्याचं, अर्धा हिशेबही त्याचाच, पण त्याला कुणी काही विचारत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांना ते कसं विचारावं, त्यासाठी शाळेत कोणते उपक्रम घ्यावेत, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मी शिक्षक नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण मुलांच्या कवितालेखनाच्या कार्यशाळा घेतो, म्हणून गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडच्या परिसरातल्या काही शिक्षकांनी मला बोलावलं. “सर, आढावा आम्ही घेऊ, तुम्ही फक्त प्रश्न नीट करून द्या,” असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तयार केलेला पहिलाच प्रश्न होता, ‘तुला अभ्यास आवडतो का?’ याचं उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. हो सर!

शासनाने ही सोय केलेली नाही, असं कुणी म्हणू नये. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची साधनं त्यात सांगितली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं करत करत शेवटी ‘इतर’ येतं, आणि त्या ‘इतर’मध्ये स्वयंमूल्यमापन बसलेलं आहे. म्हणजे मुलाने स्वतःकडे पाहणं. यादीत शेवटचं म्हणून वेळेतही शेवटचं. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मग काय येतं? ‘गणिताचा सराव करावा’, ‘अक्षर सुधारावे’. तयार नोंदींच्या याद्या फिरतात, त्यांतून एकेक ओळ उतरवली जाते. चाळीस मुलांची नोंदवही भरायची तर शिक्षक तरी काय करणार, हेही खरं.

म्हणून पहिली गोष्ट गटाची. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक शाळेत पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. त्या पस्तिसांचे दोन गट करा. एका बैठकीला सतराअठरा मुलं, तीही सहावी, सातवी, आठवीची मिसळून. इंग्लंडच्या शाळांत अशा गटाला ट्यूटर ग्रुप म्हणतात, अमेरिकेत ॲडव्हायजरी. नाव काहीही असो, त्यात एका शिक्षकाने ठरावीक मुलांवर वर्षभर लक्ष ठेवायचं असतं. आपल्याला हे परकं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. तेवढं रोज लिहिणं कुणाला जमणार? आपण चार तासिका मागू.

पहिल्या तासिकेला दोरी. रेडिओवर ती दाखवता येत नाही, म्हणून वर्णन करतो. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधायची. एक टोक जूनअखेरचं, कारण आपल्या विदर्भात शाळा तेव्हा उघडते. दुसरं टोक दिवाळीचं. मध्ये रोवणी, पोळा, गणपती, सहामाही अशा खुणा. प्रत्येक मुलाने तीन चिठ्ठ्या टांगायच्या. एक काहीतरी नीट समजलं त्या दिवसाची, एक अडल्याची आणि एक शाळा बुडाल्याची. चिठ्ठीवर नाव नको, फक्त आपल्याला ओळखू येईल अशी खूण.

तिथे सातवीच्या एका मुलीने बुडाल्याची चिठ्ठी जुलैत टांगली. आई रोवणीला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही बांधावर. दहाबारा दिवस गेले. त्याच दिवसांत वर्गात पूर्णांक संख्यांचा गुणाकार झाला होता. उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पुढे जिथे जिथे उणे चिन्ह आलं, तिथे तिथे ती थांबली. प्रगतिपुस्तक म्हणत होतं, गणिताचा सराव करावा. दोरीने दाखवलं की तिला सरावाची नव्हे, जुलैतल्या पाचसहा तासांची गरज आहे. आठवीतल्या मुलीने ते तिला दोन दुपारच्या सुट्ट्यांत शिकवलं.

दुसरी तासिका जोडीने मुलाखतीची. इथे माझे प्रश्न कामी आले. कोणत्या तासाला घंटा लवकर झाल्यासारखी वाटली? पुस्तकाच्या कोणत्या पानावर तू थांबलास? तू कुणाला काय शिकवलंस? एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, मग अदलाबदल. मुलं घरी झाडीबोली बोलतात, कुणी गोंडी. उत्तरं त्याच भाषेत येऊ द्या, प्रमाण मराठीचा तास वेगळा असतो. घरातलं भांडण, दारू, पैसा यावर प्रश्न नकोत. मुलाने आपणहून काही गंभीर सांगितलं, मारहाण किंवा ठरलेलं लग्न, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने देऊ नये. मुख्याध्यापकांशी बोलावं, १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक जवळ असावा.

तिसऱ्या तासिकेला प्रत्येकाने पुढच्या सत्रासाठी एकच काम लिहायचं, मोजता येईल असं. ‘खूप अभ्यास करीन’ चालणार नाही. ‘दर शनिवारी इंग्रजीचं एक पान मोठ्याने वाचीन’ चालेल. चौथी पालकसभेची. त्यात मुलानेच वही उघडून आईबापांना दाखवायची, शिक्षकाने शक्य तितकं गप्प राहायचं. अंगठा उठवणाऱ्या बापालाही लेकराचं बोलणं कळतं.

एवढा खटाटोप नोव्हेंबरातच का? २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आहे. नापास मुलाला फेरपरीक्षा मिळते, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. शिवाय कित्येक गावांत आठवीपुढचा वर्गच नाही. आठवीत अडलेली मुलगी दुसऱ्या गावी नववीला जाईल, याची खात्री कोण देणार? मार्चमध्ये तिची अडचण कळून काही उपयोग नाही.

तारखा ठरवताना मात्र गावाचं कॅलेंडर पाहा. दिवाळीनंतर भारी धानाची कापणी असते, मग गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकं चालतात. सकाळी मुलं वर्गात पेंगतात, त्यात त्यांचा दोष नाही. महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा. महादेवाला आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्याला एकाच यात्रेत माणसं येतात, आणि त्या आठवड्यात निम्मी शाळा यात्रेतच असते. म्हणून दुसरी भेट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवा. तीच चिठ्ठी मुलाच्या हातात द्या आणि विचारा, किती शनिवार झाले? चारच झाले असतील, तर पानाऐवजी अर्ध्या पानावर या आणि पुढची तारीख चिठ्ठीच्या मागे त्यालाच लिहू द्या.