रात्री राहणार कुठे? : प्रवास, मुक्काम आणि आपली मुलं

नरडाणा मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरही. गावातून बाहेर पडायला अडचण अशी नाही. सुरतेहून बनारसकडे जाणारी ताप्तीगंगा एक्सप्रेस याच रुळांवरून धावते आणि बनारसपासून सारनाथ जेमतेम दहा किलोमीटर. तरीही आपल्या वस्तीतल्या किती मुलींनी सारनाथ पाहिलं, असं विचारलं तर हात फार वर येत नाहीत. पैसा हे कारण आहेच. पण घरात मुलीने प्रवासाचा विषय काढला की पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो. आई विचारते, "रातले कोठे ऱ्हाशी?" याला नीट उत्तर देता आलं नाही की प्रवास तिथेच संपतो.

मुलांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्यांचे हाल वेगळे. पोलीस भरतीला, स्पर्धा परीक्षेला गेलेली आपली मुलं एसटी स्टँडवर, फलाटावर, मैदानाबाहेरच्या फुटपाथवर रात्र काढतात. पहाटे त्याच अंगाने १६०० मीटर धावायचं असतं. रात्रभर डास मारत आणि बॅग सांभाळत जागलेला मुलगा आणि चार तास का होईना पंख्याखाली झोपलेला मुलगा, दोघांना एकाच रेषेवर उभं केलं जातं. मुक्काम ही चैनीची बाब नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. शेवटी एका पारशी सरायीत, पारशी नावाने नोंद करून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. रखवालदारालाही तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे तोही तयार झाला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. त्या दिवशी दोन मित्रांनीही, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांना घरात घेण्याचं टाळलं. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी कमाटी बागेत वेळ काढला. हे सगळं त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे.

त्याच लेखनात आपला खानदेशही येतो. १९२९ साली सरकारी चौकशी समितीच्या कामासाठी बाबासाहेब धुळे भागात आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना एका रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातल्याच एकाने, ज्याला सवय नव्हती त्याने, लगाम हातात घेतला. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. एका रात्रीच्या पाहुणचाराची ही किंमत होती.

पुढे १९३७ साली न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. नरडाण्याहून आपण टेम्पो भरून जातो, अभिवादन करतो, जेवतो आणि संध्याकाळी परततो. जगात राजवाडे, किल्ले, लढाया यांची स्मारकं होतात. आपण एका माणसाच्या मुक्कामाच्या जागेचं स्मरण करतो, याचा अर्थ आपल्या तरुण पिढीला कुणी तरी समजावून सांगायला हवा.

आता कायद्याचं बोलू. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं ही नावं घेऊन लिहिलेली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला तिथे अडवता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने आणखी पुढे जाऊन धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द वापरले. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे अडवणूक केली तर एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे. हे शब्द कायद्यात का आले, ते बडोद्याची हकिकत वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

आज "तुम्हाला जागा नाही" असं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणतात, "रूम फुल्ल आहेत." फोनवर असलेली खोली ओळखपत्रावरचं आडनाव वाचल्यावर भरलेली निघते. मी मुलींचा एक गट घेऊन गेले होते तेव्हा एका तीर्थाच्या गावी हे अनुभवलं आहे. सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून मी आता फोनवरच्या "या, या" वर विसंबत नाही. आगाऊ पैसे भरून लेखी बुकिंग घ्यावं, त्याचा संदेश जपून ठेवावा. तरीही नाकारलं तर कारण लेखी मागावं, काउंटरवरच्या माणसाचं नाव आणि वेळ टिपून घ्यावी. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो नंबर मोबाइलमध्ये असू द्या. आणि हेही लक्षात ठेवा की प्रत्येक "फुल्ल" जातीमुळे नसतो. लग्नसराईत, यात्रेच्या दिवसांत खरोखरच खोल्या नसतात.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी या अडचणीवर एक साधा उपाय काढला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. कोणत्या गावात कोणतं हॉटेल, कोणतं घर, कोणता पेट्रोलपंप काळ्या प्रवाशांना सन्मानाने घेतो, याची ती यादी होती. माहिती गोळा करण्यात इतर पोस्टमन आणि प्रवास करून आलेले वाचक मदत करत. १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला, अटलांटातल्या एका मोटेलने त्याला दिलेलं आव्हान त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं, आणि पुढे दोनेक वर्षांत 'ग्रीन बुक' बंद झालं. मोठं आंदोलन एका बाजूला चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला आज रात्री राहायचं कुठे याची वही कुणी तरी लिहीत होतं. मला हे दुसरं काम पहिल्याइतकंच राजकीय वाटतं.

आता पर्याय पाहू. 'होस्टेल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समाजकल्याणचं वसतिगृह येतं. साहजिक आहे, १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात काढलेल्या वसतिगृहापासून आपली एकेक पिढी त्यातूनच शिकली. प्रवाशांचं होस्टेल वेगळं. तिथे खोली नाही, खाट भाड्याने मिळते. एका दालनात चार, सहा, आठ दुमजली खाटा, प्रत्येकाला एक लॉकर, न्हाणीघर सामाईक, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरही सामाईक. एकट्याने प्रवास करणाऱ्याला खोलीपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. मुलींसाठी वेगळं दालन असतं, बुकिंग करताना ते निवडावं लागतं.

ही कल्पना एका शाळामास्तरची. जर्मनीत १९०९ साली रिचर्ड शिरमान विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळात सापडला आणि सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्या चालणाऱ्या पोरांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्याला तिथे सुचला. त्यातून अल्टेनाच्या किल्ल्यात युवा वसतिगृह उभं राहिलं आणि चळवळ जगभर पसरली. १९३३ नंतर तीच वसतिगृहं हिटलरच्या युवक संघटनेने ताब्यात घेतली, हेही विसरू नये. सर्वांसाठी उघडलेलं दार आपोआप उघडं राहत नाही. भारतात यूथ होस्टेल्स असोसिएशन १९४९ पासून काम करते. झॉस्टेलसारख्या खासगी साखळ्या २०१३ नंतर आल्या.

अनोळखी माणसांबरोबर एका दालनात झोपायचं म्हटलं की घरचे बिचकतात. त्यांना पुक्कुसातीची गोष्ट सांगा. राजगृहात तथागतांनी भग्गव कुंभाराकडे रात्रीपुरती जागा मागितली. कुंभार म्हणाला, माझी हरकत नाही, पण शेडमध्ये आधीच एक प्रव्रजित उतरला आहे, त्याला विचारा. तथागतांनी त्या तरुणाला विचारलं, त्याने जागा ऐसपैस आहे म्हणून सांगितलं, आणि दोघांनी एकाच छपराखाली रात्र काढली. आधी आलेल्याची परवानगी घेणं, आवाज न करणं, आपलं सामान आपल्या जागेत ठेवणं. होस्टेलच्या भिंतीवर आज हेच नियम लिहिलेले असतात. आणि अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात जाऊन पाहा. मधे मंडप, तीन बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीत दगडात कोरलेल्या दोन शय्या.

अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवारी लेणी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. आमच्याकडचे बरेच गट हे न पाहताच गाडी ठरवतात. फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, जळगावात लॉज भरपूर आहेत.

बोधगयेला थायलंड, जपान, म्यानमार, भूतान अशा अनेक देशांची विहारं आहेत, आणि त्यांतल्या काही ठिकाणी यात्रेकरूंसाठी खोल्याही असतात. कुठे ठरलेलं भाडं, कुठे दान. दारू-सिगारेट बंद आणि रात्री फाटक लवकर लागतं. मुलींच्या पालकांना हे पर्याय पटतात. मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे जगभरातून माणसं येतात, तेव्हा ऐनवेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

रेल्वेच्या विश्रांती कक्षाबद्दल आपल्याकडे फार कमी जणांना माहिती आहे. पक्कं किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर नंबर टाकून ऑनलाइन खोली किंवा डॉर्मिटरीतली खाट घेता येते, बारा तासांसाठीही. परीक्षेला जाणाऱ्यांसाठी यासारखी सोय नाही. मुंबई सेंट्रल स्थानकात तर नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. माणूस मावेल एवढ्या ४८ पेट्या, आत दिवा, चार्जिंग आणि हवा. सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये होता. ही कल्पना जपानची, पहिलं असं हॉटेल ओसाकात १९७९ साली निघालं, शेवटची लोकल चुकलेल्या नोकरदारांच्या सोयीचं. स्वीडनमध्ये तर दर हिवाळ्यात नदीच्या बर्फाचं हॉटेल बांधतात आणि उन्हाळ्यात ते वितळून जातं. तिथे लोक पैसे देऊन बर्फाच्या खाटेवर झोपतात! हौसेला मोल नाही, पण हौस म्हणून गारठणं आणि नाइलाजाने ६ डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपणं यांत फरक आहे. चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी महापालिका शिवाजी पार्कवर मंडपाची सोय करते, तिची माहिती घेऊनच निघावं.

कुठलीही जागा घेताना मी चार गोष्टी फोन करून विचारते. रात्री फाटक किती वाजता लागतं? स्थानिक जिल्ह्याचं ओळखपत्र चालतं का? काही होस्टेलं आणि लॉज त्याच शहरातल्या माणसाला घेत नाहीत आणि हे दारात गेल्यावर कळतं. मुलींच्या दालनाला आतून कडी आहे का? आणि स्टेशनपासून रात्री रिक्षा मिळते का? दोन सज्ञान मुलींनी मिळून खोली घ्यायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, हे मुलींनी ठामपणे सांगायला शिकावं. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत द्यावी, ती अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. लॉकरसाठी घरचं कुलूप न्यावं.

एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना आवडणार नाही, तरी लिहिते. गावोगाव वर्गणी काढून आपण विहारं बांधली. पौर्णिमा, जयंती आणि वर्षावास सोडला तर त्यातली बरीच कुलूपबंद असतात. बाकीच्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी भवनं बांधली, ती पाहून आपणही बांधावीत अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. जातीच्या पाटीची आणखी एक धर्मशाळा आपण कशाला वाढवायची? आहे त्याच विहारात चार सतरंज्या, एक स्वच्छ शौचालय, मुलींसाठी कडी असलेली एक खोली आणि चावी कुणाकडे आहे त्याचा फोन नंबर, एवढी सोय झाली तरी धुळे, जळगाव, नाशिक अशा भरतीच्या शहरांत पुष्कळ मुलांची रात्र वाचेल. मुलगा कुठल्याही समाजाचा असो, त्याला झोपू द्यावं.

आणि तालुक्याच्या गटात एक वही ठेवावी. मोबाइलवरचा तक्ता असला तरी चालेल. गाव, जागेचं नाव, तारीख, दिलेलं भाडं, फाटकाची वेळ, शौचालय कसं होतं, एकटी मुलगी राहिली का, ओळखपत्र पाहिल्यावर वागणूक बदलली का. शेवटचे दोन रकाने रिकामे सोडायचे नाहीत. येत्या भरतीला नरडाण्याहून जी मुलं जातील, त्यांनी परतल्यावर पहिल्या आठवड्यात आपापली ओळ भरावी. सारनाथला जाऊ पाहणाऱ्या मुलीने ती वही आईसमोर ठेवावी.