खाटेजवळची सोनोग्राफी : आधी पुतळ्यावर, मग माणसावर

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे गरोदर बाई आणि भिंतीवरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, एवढेच डोळ्यांसमोर येते. पण हेच यंत्र आता लहान होऊन अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेपाशी आले आहे. समजा, ट्रॅक्टर उलटून पोटाला मार लागलेला शेतकरी दवाखान्यात आला. रक्तदाब उतरलेला, त्याला दुसऱ्या खोलीत हलवणेही धोक्याचे. अशा वेळी डॉक्टर जागेवरच पोटाला जेली लावतात आणि यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी दिसते का ते पाहतात. ती दिसली तर पोटात रक्त साचल्याचा दाट संशय घेऊन पुढची धावपळ सुरू होते.

नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, या मशीनचा अंगाला अपाय तर नाही ना?" यात क्ष-किरण नसतात. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून चित्र तयार होते. धोका आहे तो चित्र चुकीचे वाचण्याचा. रक्त थोडे असेल तर पहिल्या वेळी दिसत नाही. म्हणून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे लागते. आतड्याला छिद्र पडले असेल तर या घाईच्या तपासणीत ते सुटू शकते. 'काही नाही' एवढे ऐकून सगळे निर्धास्त झाले, तर मोलाचा वेळ हातचा जातो.

दुसरे काम सुई घालण्याचे. छातीत पाणी झाले की ते काढताना, किंवा मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना, डॉक्टर पडद्यावर पाहून सुई पुढे नेतात. येथे एक फसवी गोष्ट आहे. पडद्यावर सुईचा जो पांढरा ठिपका दिसतो, तो टोकाचा असेलच असे नाही; तो सुईच्या मधल्या भागाचाही असू शकतो. टोक तोवर खोल जाऊन शिरेमागच्या रोहिणीला किंवा फुफ्फुसाला लागते. टोक शोधत शोधत हात पुढे नेणे हे पुस्तक वाचून येत नाही. ते हातालाच शिकवावे लागते, आणि ते शिक्षण जिवंत माणसाच्या मानेवर सुरू होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

विमान चालवणारे आधी जमिनीवरच्या नकली विमानात शिकतात, तसेच हे. वैद्यकात ही वाट जुनी आहे. नॉर्वेतील आस्मुंड लेअर्डाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी १९६० साली एक पुतळा आणला; तो पुढे जगभर गेला. सोनोग्राफीचे आजचे पुतळे संगणकाला जोडलेले असतात. प्रोब छातीवर ठेवला की पडद्यावर हृदय हलते, आणि शिक्षक एक कळ दाबून हृदयाभोवती पाणी 'भरू' शकतात. विद्यार्थी चुकला तरी कोणाचा जीव जात नाही.

महागडा पुतळा नसला तरी अडत नाही. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवून त्यात थोडा इसबगोल घालायचा, मध्ये पाणी भरलेली रबरी नळी ठेवायची आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यायचे. इसबगोलामुळे पडद्यावर मांसासारखा करडा रंग येतो, नळी शिरेसारखी काळी दिसते. आपल्या घरी पोट साफ होण्यासाठी आणलेल्या डब्याचा हा उपयोग कोणाला सुचला असेल, त्याचे कौतुकच!

अर्थात पुतळा खोकत नाही, तळमळत नाही. म्हणून त्यानंतरही जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच रुग्णावर हात चालवावा लागतो. २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात अशा सरावाच्या प्रयोगशाळेवर भर आहे, आणि २०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे हा विषय आता आपल्या गावचाही झाला आहे.

वाचकांसाठी दोन गोष्टी. हे छोटे यंत्र घेऊन घरी येण्याची गळ डॉक्टरांना घालू नका. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांनुसार ते नोंदणी झालेल्या दवाखान्यात दाखल रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यातच वापरता येते. आणि खाटेजवळच्या तपासणीचा छापील रिपोर्ट पुष्कळदा मिळत नाही. रुग्णाला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायचे असेल, तर काय दिसले आणि किती वाजता दिसले, हे केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद रुग्णासोबत द्या.