श्वानप्रदर्शनातील ठेवण आणि चाल

श्वानप्रदर्शनाच्या रिंगणात परीक्षक कुत्र्यांची परस्परांशी नव्हे, तर प्रत्येकाची त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी तुलना करतो. निदान तत्त्व तरी तसे आहे. ही तुलना सुलभ करणे हे हॅन्डलरचे कसब. परंतु त्याच कसबाने दोषही झाकता येतो. बहुतेक जातींचे कुत्रे चारही पाय सरळ रोवून उभे करतात. जर्मन शेफर्डचा मात्र एक मागील पाय पोटाखाली घेऊन दुसरा मागे ताणण्याची प्रथा असल्यामुळे पाठीचा उतार अधिकच भासतो. त्यातला हाडांचा किती व हॅन्डलरचा किती, हे पट्टा सैल सोडून दुडक्या चालीने नेल्यावाचून कळत नाही. पट्टा ताणून मान उचलली की चालही फसवी होते. २०१६ साली बर्मिंगहॅम येथील क्रफ्ट्स प्रदर्शनात या जातीत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या कुत्रीची उतरती पाठ आणि चाल पाहून प्रेक्षकांत मोठा क्षोभ उसळला होता.